नमुना खरा, रंग खोटा

आमची 45 फुटी फायबरची ट्रॉलर हर्णे बंदरात असते. समुद्रात जातात ते माझे यजमान; डिझेल, बर्फ, खलाशांचा वाटा हा हिशेब माझ्याकडे. म्हणजे बोटीच्या बुडाला शेवाळ धरू न देणारा म्हणून विकलेल्या खोट्या रंगासाठी 1 लाख 10 हजार रुपये मोजून दिले ते मीच. पुढच्या पावसाळी मासेमारी बंदीत तो रंग विकणारा माणूस दुसऱ्या एखाद्या खाडीवर उभा असेल, म्हणून घडलं तसं लिहिते आहे.

मागच्या वर्षी जुलैत बोट आंजर्ल्याच्या खाडीकाठी वर घेतली होती. शेवाळ धरू नये म्हणून बुडाला दरवर्षीसारखा तांब्याचा लाल रंग मारायचा होता. तेव्हा हा माणूस आला. नम्र बोलणारा, मला वहिनी म्हणणारा. बॅगेतून त्याने फायबरच्या दोन पट्ट्या काढल्या. एकीला साधा रंग, दुसरीला राखाडी, रबरासारखा थर. त्या राखाडी पट्टीवर मार्करने रेघ ओढली तर शाई थेंब थेंब होऊन गोळा झाली. चिकटपट्टी लावली तर ती आपोआप गळून पडली. "शाई धरत नाही तिथे शेवाळ काय धरणार? यात विष नाही, तांबं नाही. 3 वर्षं बुडाकडे बघायला नको," असं तो म्हणाला.

त्याचं बरंचसं बोलणं खरं होतं, आणि आम्ही फसलो ते त्यामुळेच. कथिलाच्या विषारी रंगाची गोष्ट त्याने सांगितली. ट्रायब्युटिलटिन नावाच्या त्या विषाने फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात कालवांची पैदास कोसळली, त्यांची कवचं वेडीवाकडी वाढली, फ्रान्सने 1982 मध्ये लहान बोटींवर ते बंद केलं. पुढे असे रंग बंद करणारा 2001 चा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 2008 पासून तो लागू आहे. हे सगळं खरं आहे. मग त्याच दमात तो म्हणाला, "तुमचा लाल रंगही आता बंद होतोय, सापडलात तर दंड." हे धादांत खोटं. त्या करारात तांब्याच्या रंगावर बंदी नाही. पण नऊ खऱ्या गोष्टी ऐकल्यावर दहावी तपासायला माणूस थांबत नाही. शिवाय आम्ही खाडीवर जगणारी माणसं. विष पाण्यात सोडायचं नाही हे आम्हालाही मनापासून वाटत होतं.

काम 2 दिवसांत उरकलं. डबे सीलबंद नव्हते, पांढऱ्या बादल्या होत्या. "वर्कशॉपमध्येच मिसळून आणतो," असं उत्तर मिळालं. जुना लाल रंग खरवडला नाही, नुसता पाण्याने धुतला. वर ताडपत्री बांधून, बाहेर पाऊस चालू असताना, ओलसर बुडावर एकच थर दिला आणि शेवटी फडक्याने काहीतरी पुसलं. ते "पॉलिश" आहे म्हणाला. बूड आरशासारखं चमकलं. मी स्वतः चिकटपट्टी लावून पाहिली, गळून पडली. उरलेले पैसे दिले.

ऑगस्टमध्ये वादळी वाऱ्यामुळे बोट बरेच दिवस खाडीत उभीच होती. सप्टेंबरअखेर बोट हाकणारा तांडेल म्हणायला लागला की बोट जड झालीय. ज्या फेरीला 300 लिटर डिझेल पुरायचं तिला 380 लागलं. ते आकडे माझ्या वहीत आहेत. दिवाळीनंतर उधाणाला बोट वर घेतली. बुडाला हिरवं शेवाळ आणि त्याखाली बार्नॅकलचा, म्हणजे बुडाला घट्ट चिकटणाऱ्या कवचाच्या जीवांचा थर, ज्याच्या धारेने पाय कापतो तो. छिन्नीने काढावा लागला, आणि त्याबरोबर चमकदार रंगाचे पापुद्रे निघून खालचा लाल रंग उघडा पडला.

खरा घाव पुढे होता. लाल रंग पुन्हा मारायला घेतला तर तो बुडावर बसेना. ठिकठिकाणी गोल भोकं पडून मागे सरायचा. भाचा रंगाच्या कामात आहे. त्याने थिनरच्या फडक्याने एक जागा घासली, चिकटपट्टी लावली, ती घट्ट बसली. म्हणजे निसरडेपणा रंगात नव्हताच; साध्या एनॅमलवर सिलिकॉनचं तेल पुसलेलं होतं. ते तेल बुडाच्या खाचाखोचांत मुरल्यामुळे दुसरा कुठला रंग धरेना. सगळं बूड ग्राइंडरने खरवडावं लागलं, 38 हजार गेले आणि ऐन हंगामातले 12 दिवस.

खरं सिलिकॉनचं कोटिंग वेगळंच असतं, हे भाच्याकडून समजून घेतलं. ते शेवाळाला मारत नाही, फक्त पकड ढिली ठेवतं. बोट वेगाने धावली की पाण्याच्या जोराने चिकटलेलं सुटतं. जुन्या पिढीची अशी कोटिंग्ज साधारण 15 नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी सागरी मैल) पुढे पळणाऱ्या जहाजांसाठी होती. आमची ट्रॉलर 8 नॉटने जाते, जाळं ओढताना 2-3 नॉटने, आणि कितीतरी दिवस नांगरावर उभी. पातळ बुळबुळीत थर तर वेगातल्या जहाजावरही राहतो. शिवाय तांब्याच्या जुन्या रंगावर ते थेट बसत नाही. आधी जुना रंग पूर्ण काढायचा, मग प्रायमर, मग सिलिकॉनला धरून ठेवणारा मधला थर, आणि हे सगळं कोरड्या बुडावर, ठरलेल्या तासांच्या अंतराने. वाळूवर बूड घासलं तर मऊ थर फाटतो. आमच्यासारख्या किनाऱ्यावर ओढायच्या बोटीला असं काही विकताना यातलं एक वाक्यही तो बोलला नव्हता.

म्हणून कोणी असा रंग घेऊन आलाच तर सीलबंद डबा, त्यावरचा बॅच नंबर आणि कंपनीचं माहितीपत्रक मागा. बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर फुकट तपासता येतो. आमच्या बिलावर तो नव्हताच. लावलेला रंग थिनरने पुसून मगच चिकटपट्टी लावा आणि नख दाबून बघा, खरा थर रबरासारखा दबतो. सगळ्यात उत्तम म्हणजे पूर्ण बोट रंगवण्याआधी त्याच्याच डब्यातून एक पट्टी रंगवून 2-3 महिने खाडीत टांगा. घाई करणाऱ्याला जाऊ द्या.

त्याचा फोन बंद आहे. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. वकील म्हणाले, स्वतःच्या रोजगारासाठी, पोटापाण्यासाठी वापरलेली वस्तू असेल तर ग्राहक आयोगात जाता येतं, मात्र 2 वर्षांच्या आत.

तो आपली राखाडी पट्टी आमच्याकडे विसरून गेला होता. भाच्याने ती डिसेंबरात नांगराच्या दोरीला बांधून पाण्यात सोडली. मार्चमध्ये वर काढली तेव्हा तिच्यावरही शेवाळ होतं, चार बार्नॅकल होते. शेवाळ बोटाने पुसलं गेलं आणि बार्नॅकल अंगठ्याने ढकलताच टपटप पडले. त्याचे फोटो काढले, पट्टी कापडात गुंडाळली आणि डिझेलच्या वहीसोबत वकिलांकडे दिली.