गोल टाकीतले पंगस : नऊ महिन्यांनंतर

गेल्या जुलैत इंदूरजवळ, राऊच्या शेतावर मासे पाळायला चार मीटर व्यासाच्या दोन टाक्या बसवल्या. वेल्डमेशची जाळी, आत ताडपत्री, मधोमध निचऱ्याचा पाइप. मीटरभर पाणी भरलं की साडेबारा हजार लिटर. टाकीला कोपरे नसल्याने पंपाने सोडलेल्या हवेच्या जोरावर पाणी गोल फिरत राहतं, जड घाण मध्यभागी जमते आणि व्हॉल्व्ह उघडला की निघून जाते. हे काम टाकी चोख करते.

दुसरी टाकी महिन्याभरातच फुटली. जाळीच्या कापलेल्या तारेचं टोक ताडपत्रीत घुसलं होतं. विकणाऱ्याने आत फोमची शीट लावायला सांगितलंच नव्हतं. फोन केला तर म्हणे, ‘सब लगाते हैं, आपने नहीं लगाया?’

पहिल्या टाकीत पंगस माशाची सहाशे पिल्लं सोडली. पद्धत बायोफ्लॉकची. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. गूळ घातला की त्यावर जिवाणू वाढतात, तो अमोनिया खातात आणि त्यांचेच गोळे माशांच्या पोटात जातात. पाणी चहासारखं तांबूस होतं. शेजारचे काका रोज कुंपणावरून विचारायचे, ‘अरे, एवढं घाण पाणी बदलत का नाहीस?’ शंकूच्या भांड्यात लिटरभर पाणी वीस मिनिटं ठेवून खाली किती गाळ बसतो ते मी त्यांना दाखवलं. तीस मिलिलिटर भरला. काकांना ते काही पटलं नाही.

आता विजेचं. या पद्धतीत हवा चोवीस तास लागते, कारण मासेच नव्हे, जिवाणूही ऑक्सिजन ओढतात. सप्टेंबरमध्ये एका रात्री अडीचला लाईट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी अर्ध्या तासात बसली आणि मला जाग आली पावणेचारला. टॉर्च मारला तर अख्खी टाकी वर आलेली, तोंडंच तोंडं, आणि पाण्यावर चिकट फेस. पंगस वर येऊन हवा घेऊ शकतो, म्हणून निम्म्याच्या वर वाचले. तरी सकाळी एकशे दहा मोजून पुरले. कटला मासा असता तर एकही उरला नसता, असं मला वाटतं.

थंडीबद्दल कुणी धड सांगत नाही. माळव्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो; पंगसाला वीसच्या खालचं पाणी सोसत नाही. वरून पॉलिथीन घातलं, खाद्य जवळजवळ बंद केलं. ते दोन महिने वाढ शून्य, वर वीस-एक मासे गेले.

एप्रिलमध्ये काढले तेव्हा ४७० मासे, सरासरी ५५० ग्रॅम, म्हणजे २५८ किलो. खाद्य गेलं ४०० किलो. ११० रुपये किलोने सारे विकून २८ हजारांच्या आसपास आले, त्यातले १९ हजार खाद्याचेच. पिल्लं, गूळ, वीजबिल वजा करता हाती फारसं काही राहिलं नाही. टाकीची किंमत तर धरलेलीच नाही. पंतप्रधान मत्स्य संपदा योजनेत ४० टक्के अनुदान आहे, महिलांना ६०. मी अर्ज न करता आधी टाकी बसवली. सौभाग्यवतीच्या नावाने केला असता तर, हे वाक्य घरात अजून ऐकतो.

येत्या जुलैत कॉमन कार्प घालणार आहे, थंडी सोसतो म्हणून. पण तो पंगसासारखा वरची हवा घेत नाही, तेव्हा पिल्लांच्या आधी दुसरी बॅटरी आणि लाईट गेली की वाजणारा भोंगा आणला. भोंगा उशाशीच लावलाय.