‘आपला माणूस’ म्हणून विमान घेतलं
टेक्सासमध्ये भाड्याची विमानं उडवून कंटाळलो होतो. गणपतीत मंडळाच्या जेवणात एक गृहस्थ भेटले. त्यांना त्यांचं सेसना 182 हे एका इंजिनाचं छोटं विमान विकायचं होतं, 1974 चं. वयाने मोठे, बोलायला गोड. “अरे, परक्याला देण्यापेक्षा आपल्या माणसाकडे गेलेलं बरं.” निम्मा तर मी तिथेच फसलो.

बघायला गेलो तेव्हा विमान हँगरमध्ये, पुसून चकचकीत. टाकीखालच्या ड्रेनमधून कपात पेट्रोल काढून पाहिलं. निळंशार, पाण्याचा थेंब नाही. (100 एलएल अ‍ॅव्हगॅस, म्हणजे छोट्या विमानांचं पेट्रोल, निळं असतं. पाणी जड, ते कपाच्या तळाशी वेगळं दिसतं.) माझा इन्स्ट्रक्टर बजावत होता, घेण्याआधी स्वतःच्या मेकॅनिककडून तपासून घे. तसं बोललो, तर काका म्हणाले, “महिन्यापूर्वीच अ‍ॅन्युअल, वर्षाची तपासणी, झालीय. कशाला हजार-दीड हजार डॉलर घालवतोस? माझ्यावर विश्वास नाही का?” मोठ्या माणसाला तोंडावर ‘नाही’ कसं म्हणायचं? पैसे दिले.

आमच्या विमानतळावर हँगर मिळेना, म्हणून विमान उघड्यावर बांधलं. पुढे दोन आठवडे पाऊस. उघडीप झाल्यावर पहिल्याच शनिवारी मित्राला घेऊन निघालो. डाव्या टाकीतून थोडं पाणी आलं. कपात नुसतं निळं दिसेपर्यंत काढत राहिलो. उजवी स्वच्छ. रन-अपला, म्हणजे उड्डाणाआधीच्या चाचणीत, इंजिन ठणठणीत.

चारशे फुटांवर ते दोनदा खोकलं आणि गप्प झालं. त्या उंचीवर रनवेकडे वळायचं नाही, एवढं डोक्यात पक्कं होतं म्हणून वाचलो. नाक खाली केलं आणि समोरच्या गवताच्या शेतात उतरवलं. पुढचं चाक मोडलं, प्रोपेलर वाकला. आम्हाला खरचटलंही नाही.

मेकॅनिकने फ्युएल स्ट्रेनरचा, म्हणजे इंधनाच्या गाळणीचा, बाउल उघडला, तर आत नुसतं पाणी. मग त्याने टाकीत आरसा घालून दाखवलं. या जुन्या 182 च्या पंखांत धातूची टाकी नसते, रबरी पिशवी असते. आमच्या पिशवीच्या तळाला नऊवारीच्या निऱ्यांसारखे सळ पडले होते. सळामागे अडलेलं पाणी ड्रेनपर्यंत येतच नाही. मी कप भरभरून काढलं ते सळाच्या अलीकडचं. टेकऑफला नाक वर झालं आणि मागचं सगळं वाहून नळीत शिरलं. पाणी आत आलं कुठून? झाकणातून. या मॉडेलची झाकणं पंखाशी सपाट असतात. त्यांच्या रबरी रिंगा कडक झाल्या की वर साचलेलं पावसाचं पाणी आत झिरपतं.

हे काही गुपित नाही. अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाने, 1984 मध्येच पिशवीवाल्या सेसनांसाठी सळ, झाकणं आणि पाणी तपासण्याचा सक्तीचा आदेश काढला होता. शेपटी खाली दाबून पंख हलवले की अडलेलं पाणी ड्रेनकडे येतं, मग कपात घ्यायचं. पावसाचं पाणी न साचणारी उंच झाकणंही मिळतात. आमच्या लॉगबुकात, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या वहीत, त्या आदेशासमोर एक ओळ: ‘तपासलं, ठीक.’

सगळ्यात झोंबलं ते पुढचं. काकांच्या विमानतळावर चौकशी केली. विमान वर्षानुवर्षं उघड्यावरच उभं असायचं. हँगर विक्रीपुरता कुणाचा तरी मागून घेतलेला. एक म्हातारा पायलट सहज बोलून गेला, “पाऊस झाला की तो शेपटी दाबून पंख हलवत बसायचा.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. फोन केला तर म्हणाले, “तूच नीट ड्रेन केलं नसशील.” करारात ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द होतेच. वकील म्हणाला, दाव्याचा खर्च पिशव्या बदलण्यापेक्षा जास्त होईल. पिशव्या, झाकणं, प्रोपेलर, इंजिनाची उघडून तपासणी, सगळं खिशातून.

काकांकडे सध्या आणखी एक जुनं विमान विकायला आहे. हँगरमध्ये ठेवलंय म्हणे.