कोकोपो की पोर्ट मोर्सबी? रग्बी लीगची दोन घरं

पापुआ न्यू गिनीत रग्बी लीग (तेरा-तेरा खेळाडूंची रग्बी) म्हणजे राष्ट्रीय खेळ. 2014 मध्ये 'हंटर्स' संघ ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड कपमध्ये उतरला, तेव्हा त्याचं घर राजधानी पोर्ट मोर्सबीत नव्हतं. ते होतं कोकोपोचं कालाबोंड ओव्हल. 1994 च्या ज्वालामुखी उद्रेकात ईस्ट न्यू ब्रिटन प्रांताची राजधानी रबाऊल राखेखाली गेली आणि ती जवळच्या कोकोपोला हलली. अशा गावाने पहिले दोन हंगाम संघ सांभाळला, याचं मला फार मोल वाटतं.

पोर्ट मोर्सबीचं नॅशनल फुटबॉल स्टेडियम म्हणजे पूर्वीचं लॉइड रॉबसन ओव्हल. नूतनीकरणानंतर तिथे सुमारे 14,800 प्रेक्षक मावतात. 2016 पासून हंटर्स तिथे खेळू लागले आणि 2017 मध्ये चॅम्पियन झाले. अंतिम सामना मात्र ब्रिस्बेनला झाला, 12-10. त्याच वर्षी विश्वचषकात 'कुमुल्स'नी, म्हणजे राष्ट्रीय संघाने, पोर्ट मोर्सबीच्या याच मैदानावर वेल्सला 50-6, आयर्लंडला 14-6 आणि अमेरिकेला 64-0 असं हरवलं.

सोयी, क्षमता, आंतरराष्ट्रीय सामने या बाबतींत पोर्ट मोर्सबी सरळ पुढे. तरी राष्ट्रीय संघाने अधूनमधून कोकोपोलाही खेळायला हवं. या खेळाचे चाहते काही फक्त राजधानीत राहत नाहीत.