रासायनिक समीकरण संतुलित करायचंय: अंदाजाने की बीजगणिताने?

दहावीतल्या भाच्याने विचारलं, मामा अंदाजाने आकडे लावत बसू की प्रत्येक पदार्थाच्या रेणूंची संख्या क, ख, ग मानून बीजगणित करू, क्लासवाले तर म्हणतात आमची ट्रिक सगळीकडे चालते. ट्रिकचं सोड रे.

आधी वेळ बघ. प्रोपेन जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. प्रोपेनच्या रेणूत कार्बन ३ म्हणून कार्बन डायऑक्साइड ३, हायड्रोजन ८ म्हणून पाणी ४, ऑक्सिजन शेवटी मोजायचा, ६ आणि ४ मिळून १० अणू, म्हणजे ऑक्सिजनचे ५ रेणू, संपलं. इथे बीजगणित म्हणजे उगाच डोक्याला ताप.

पण तांबं आणि विरल नायट्रिक आम्ल घे. नायट्रोजन कॉपर नायट्रेटमध्येही जातो, नायट्रिक ऑक्साइडमध्येही, म्हणून एक आकडा बसवला की दुसरा हलतो, खोडरबर झिजतं नुसतं. बीजगणितात तांबं १ धरलं की कॉपर नायट्रेटही १, मग प्रत्येक मूलद्रव्याचे अणू दोन्हीकडे सारखे धरून बाकीची समीकरणं सोडवली की आम्ल ८/३, नायट्रिक ऑक्साइड २/३, पाणी ४/३, सगळ्यांना ३ ने गुण: तांबं ३, आम्ल ८, नायट्रेट ३, ऑक्साइड २, पाणी ४. कागद जास्त लागतो, चिन्ह चुकलं तर सगळं मुसळ केरात, पण मध्येच अडकत नाही.

आणि कुठल्याही पद्धतीत सूत्राच्या पायथ्याचा आकडा बदलायचा नाही हां, पाण्यात एक ऑक्सिजन वाढवलास की ते हायड्रोजन पेरॉक्साइड होतं.

ज्वलन, विस्थापन असलं दहावीचं नेहमीचं असेल तर अंदाजच बरा. एकच मूलद्रव्य दोन-तीन ठिकाणी विखुरलेलं दिसलं, किंवा अकरावीची रेडॉक्स (ऑक्सिडीकरण आणि क्षपण एकत्र होणारी अभिक्रिया) आली, तर सरळ क, ख, ग मांड.