एअरटेलचा पीई 30 की 900? टेलिकॉम शेअरसाठी दोन फूटपट्ट्या

मार्च 2025 अखेर भारती एअरटेलचा भाव 1,700 रुपयांच्या थोडा वर होता. साध्या पीईनं मोजलं तर आकडा येतो 30. त्याच दिवशी तोच शेअर दहा वर्षांच्या, महागाई धरून काढलेल्या सरासरी नफ्यानं मोजला तर आकडा येतो आठशे ते नऊशेच्या मध्ये. टायपिंगची चूक नाही. मी एक्सेलमध्ये दोनदा बेरीज केली, विश्वास बसेना म्हणून वार्षिक अहवाल उघडून तिसऱ्यांदा केली.

हे सगळं सुरू झालं मामांमुळे. निवृत्तीचे पैसे हातात, मोबाइल कंपनीचा शेअर घ्यायची इच्छा, आणि कुणीतरी त्यांना सांगितलेलं की "एका वर्षाच्या पीईवर जाऊ नका, शिलर पीई बघा." सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो. टेलिकॉमला तो कितपत लागू पडतो, हे बघायला मी दोन्ही फूटपट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या.

साधा पीई सगळ्यांना ठाऊक आहे: आजचा भाव भागिले गेल्या वर्षाचा प्रतिशेअर नफा. दुसरीमागची कल्पना बेंजामिन ग्रॅहमची, 1930च्या दशकातली. एखादं वर्ष चांगलं जातं, एखादं वाईट, म्हणून नफा अनेक वर्षांच्या सरासरीनं बघा, असं त्याचं म्हणणं. 1988मध्ये जॉन कॅम्पबेल आणि रॉबर्ट शिलर यांनी त्यात महागाईची दुरुस्ती घालून अमेरिकी बाजाराला ती लावली. दहा वर्षांचा प्रत्येक नफा आजच्या रुपयांत (त्यांच्याकडे डॉलरमध्ये) आणायचा, सरासरी काढायची, आणि भावाला तिनं भागायचं. इथे एक गोष्ट नजरेआड होते. त्यांनी हे केलं संपूर्ण निर्देशांकासाठी. पाचशे कंपन्यांत एकीचं दिवाळं निघालं तर दुसरीची दिवाळी असते. एकट्या कंपनीला असा शेजार नसतो.

आता शीट. एअरटेलचा एकत्रित निव्वळ नफा, कोटी रुपयांत: 2015-16ला 6,077, मग 3,800, मग 1,099, मग 2018-19ला जेमतेम 410. त्यानंतर 2019-20ला उणे 32,183 आणि 2020-21ला उणे 15,084. मग 4,255, 8,346, 7,467 आणि 2024-25ला एकदम 33,556.

दहा वर्षांची साधी सरासरी 1,774 कोटी. आता प्रत्येक वर्ष ग्राहक किंमत निर्देशांकानं आजच्या रुपयांत आणू. 2015-16चा एक रुपया म्हणजे 2024-25चे साधारण 1 रुपया 55 पैसे. मागचे नफे फुगले, की सरासरी वाढणार, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात ती 1,774 वरून 1,160च्या आसपास उतरली! कारण सोपं आहे. महागाई नफ्यालाच लागते असं नाही, तोट्यालाही लागते. 32,183 कोटींचा तोटा आजच्या पैशांत 42,000च्या वर जातो आणि आजूबाजूच्या चार वर्षांचे नफे गिळून टाकतो. कंपनीचं बाजारमूल्य तेव्हा दहा लाख कोटींच्या आसपास. भागाकार तुम्हीच करा.

(एकूण नफ्याऐवजी त्या त्या वर्षाचा प्रतिशेअर नफा धरला तर उत्तर आठशेच्या जवळ येतं, कारण मधल्या काळात शेअर वाढले. 2010ला सुमारे 380 कोटी शेअर होते, आता सहाशे कोटींच्या आसपास आहेत. ही पद्धत वापरायचीच असेल तर प्रतिशेअरच वापरा.)

मग 30 खरा का? तोही नाही. 2024-25च्या नफ्यात इंडस टॉवर्स ही मोबाइल टॉवरची कंपनी उपकंपनी झाल्यानं आलेला मोठा एकरकमी कागदी लाभ आहे, शेवटच्या तिमाहीत कराच्या हिशेबातली भरही आहे. अशा बाबी बाजूला काढल्या की नफा निम्म्याच्या आसपास उरतो आणि पीई साठीकडे जातो.

एकाच दिवसावरून निकाल नको म्हणून आणखी दोन तारखा घेतल्या.

| कधी | साधा पीई | दहा वर्षांचा, महागाई धरून |
|---|---|---|
| मे 2019, राइट्सचा भाव 220 रुपये | पावणेतीनशे | 20 |
| मार्च 2024, भाव साधारण 1,230 | नव्वदच्या पुढे | उणे, म्हणजे निरर्थक |
| मार्च 2025, भाव 1,700च्या वर | 30 | 800 ते 900 |

पहिली ओळ नीट बघा. मे 2019ला कंपनीनं 25,000 कोटींचा राइट्स इश्यू आणला, म्हणजे जुन्या भागधारकांनाच नवे शेअर देऊ केले, 67 शेअरमागे 19 शेअर, 220 रुपयांनी. बाजारात भाव त्याहून वर होता. आदल्या वर्षाचा नफा 410 कोटी, तोही एकरकमी उत्पन्नाच्या टेकूवर उभा. साधा पीई बघणाऱ्यानं शीट तिथेच मिटली असती. दहा वर्षं मागे जाणाऱ्याला मात्र 2009-10चे 8,977 कोटी दिसले, 2010-11चे 6,047 दिसले, आणि वाढलेल्या 513 कोटी शेअरवर वाटूनही आकडा 20 आला. म्हणजे रास्त. इथे लांब फूटपट्टी सरळ जिंकली. 220चा शेअर सहा वर्षांत कुठे गेला ते तक्त्याच्या शेवटच्या ओळीत आहे.

पण ती जिंकली ती चुकीच्या कारणानं, असं माझं मत. या पद्धतीचा सगळा भरवसा नफा जुन्या सरासरीकडे परत येईल यावर असतो. एअरटेलचा नफा परत आला नाही. पुढच्या दोन वर्षांत 47,000 कोटींहून जास्त तोटा झाला. शेअर वर गेला तो स्पर्धक संपले म्हणून. सप्टेंबर 2016ला जिओ आलं तेव्हा बाजारात कंपन्यांची जत्रा होती. काही वर्षांत खासगी खेळाडू उरले तीन, त्यातला एक लंगडत. मग डिसेंबर 2019, नोव्हेंबर 2021, जुलै 2024 असे तीनदा दर वाढले. यातलं काहीही 2009 ते 2019च्या नफ्यात लिहिलेलं नव्हतं.

तोट्याची ती दोन वर्षं "अपवाद" म्हणून वगळायची का, हा प्रश्न आता येतोच. बरेच जण बिनधास्त वगळतात. मला ते पटत नाही. 24 ऑक्टोबर 2019ला सर्वोच्च न्यायालयानं एजीआरचा निकाल दिला. सरकारला द्यायचा महसुलातला वाटा कशावर मोजायचा, याचा तो जुना वाद, कंपन्या हरल्या. एअरटेलनं एका तिमाहीत 28,450 कोटींची तरतूद केली. ही रक्कम त्या तिमाहीत उगवलेली नव्हती. ती मागच्या पंधरा-सोळा वर्षांची परवाना फी, त्यावरचं व्याज, दंड आणि दंडावरचं व्याज होती. म्हणजे त्या सगळ्या वर्षांचे छापलेले नफे थोडे थोडे जास्तच दाखवलेले होते. 2010ला, भाव तीनशेच्या आसपास असताना, पीई 13 बघून "स्वस्त आहे" म्हणणाऱ्यांना हे कुठे माहीत होतं? लांबच्या सरासरीचं मोठेपण नेमकं इथे आहे: उशिरा आलेलं बिल ती मागच्या वर्षांवर पसरवते. साधा पीई एका वर्षी ते बिल पाहून किंचाळतो आणि पुढच्या वर्षी विसरून जातो.

दहा वर्षांची खिडकीही विसरतेच म्हणा, फक्त उशिरा. मार्च 2030ला 2019-20ची ओळ खिडकीबाहेर पडेल. धंद्यात त्या दिवशी काहीही न बदलता हा पीई धाडकन उतरेल, पुढच्या मार्चला आणखी.

आता खरी अडचण, आणि माझ्या मते याच एका मुद्द्यावर निर्णय व्हायला हवा. जुना नफा महागाईनं फुगवताना आपण न बोलता एक गोष्ट गृहीत धरतो: महागाई वाढली की कंपनी आपल्या मालाचा भावही वाढवू शकते. साबण, बिस्कीट, सिमेंट, औषधं यांना हे थोडंफार लागू पडतं. मोबाइलला?

जानेवारी-मार्च 2010 या तिमाहीत एअरटेलला भारतातल्या एका मोबाइल ग्राहकाकडून महिन्याला सरासरी 220 रुपये मिळत होते. जानेवारी-मार्च 2025ला मिळत होते 245. पंधरा वर्षांत 25 रुपये. याच काळात ग्राहक किंमत निर्देशांक जवळपास अडीच पट झाला, म्हणजे नुसतं महागाईबरोबर चालायचं तर तो आकडा साडेपाचशेच्या आसपास हवा होता. मधे, 2018च्या शेवटी, तो 104च होता. घरात आठवून बघा. दूध, रिक्षा, शाळेची फी यांचं काय झालं, आणि रिचार्जचं काय झालं. 2010ला मिनिट मोजून बोलणारे आपण आता जेवताना व्हिडिओ बघतो, आणि बिल जवळपास तेच. ग्राहक म्हणून आनंद आहे. भागधारक म्हणून याचा अर्थ असा, की 2010च्या 8,977 कोटींना "आजचे 22,000 कोटी" म्हणणं हे गणित म्हणून बरोबर आणि धंदा म्हणून खोटं आहे. ती ताकद कंपनीकडे नव्हतीच.

आणि खर्चाच्या बाजूला महागाई पुरेपूर लागते: वीज, टॉवरचं डिझेल, पगार. वर स्पेक्ट्रम, म्हणजे मोबाइल लहरी वापरायचा हक्क. 2010च्या थ्रीजी लिलावात एअरटेलनं 13 सर्कलसाठी (टेलिकॉम विभागांसाठी) 12,295 कोटी मोजले. 2022च्या फाइव्हजी लिलावात 43,084 कोटी. घसारा, म्हणजे अशा खरेदीची किंमत वर्षावर्षांत वाटून मांडलेला खर्च, मात्र जुन्या खरेदीच्या किमतीवर बसतो, त्यामुळे जुने नफे आणखी गुबगुबीत दिसतात.

तिसरी फूटपट्टी ब्रोकरच्या अहवालात हमखास भेटते: बाजारमूल्यात कर्ज मिळवायचं आणि व्याज, कर, घसारा यांच्या आधीच्या नफ्यानं भागायचं, म्हणजे ईव्ही-एबिटडा. कर्ज मोजते हा तिचा गुण. टेलिकॉममध्ये कर्ज न मोजणं म्हणजे घर घेताना गृहकर्ज विसरणं. पण स्पेक्ट्रमचा खर्च तिला दिसतच नाही, कारण तो घसाऱ्यात जातो. एप्रिल 2019पासून लीजचे हिशेबी नियम बदलले, टॉवरचं भाडं एबिटडाच्या खालच्या ओळींत, घसारा आणि व्याजात, सरकलं आणि एबिटडा बसल्या जागी वाढला. नोव्हेंबर 2024ला इंडस आत आल्यावर पुन्हा तेच. तिची जुनी-नवी वर्षं एकमेकांशी तुलना करायची असतील तर आधी हे साफ करून घ्या.

बाकी शेअरचं काय? व्होडाफोन आयडियाला दहा वर्षांची सरासरी लावायचा प्रयत्नही करू नका, उत्तर उणेच येणार. टाटा टेलिसर्व्हिसेस (महाराष्ट्र) आणि मुंबईकरांच्या घरोघरी ज्यांचा काळा फोन होता त्या एमटीएनएलचंही तेच. जिओ मार्च 2025ला रिलायन्सच्या पोटात होतं, वेगळा शेअर नव्हता. भारती हेक्साकॉम एप्रिल 2024ला बाजारात आली, राजस्थान आणि ईशान्येपुरती. आणि रिलायन्स कम्युनिकेशन्स, एअरसेल यांची दहा वर्षांची सरासरी आज कुणी काढत नाही, कारण काढायला धंदाच उरला नाही. ही पद्धत तगलेल्यांनाच मोजते, हे डोक्यात असू द्या.

मग घेणाऱ्यानं काय वापरावं? तुम्ही दोन-तीन वर्षांसाठी घेत असाल तर दहा वर्षांची सरासरी तुमच्या उपयोगाची नाही. एकरकमी बाबी काढून टाकलेला साधा पीई आणि पुढची दरवाढ यावरच तुमचा खेळ आहे. मामांसारखे दहा-बारा वर्षं हात न लावणारे असाल, तर लांबचा हिशेब जरूर करा, पण भागाकारासाठी नको. त्या दहा ओळी एकाखाली एक लिहून ठेवा आणि बघा की किती वर्षं नफा आला, किती वेळा नवे शेअर काढून पैसा उभा करावा लागला, एका निकालानं किती वर्षांची कमाई गेली. सरासरीऐवजी मधला आकडा घ्या. दहापैकी मधली दोन वर्षं 4,255 आणि 3,800 कोटींची आहेत, आणि दहा लाख कोटींच्या कंपनीसमोर तो आकडाही पुरेसा बोलका आहे.

महागाईची दुरुस्ती मी माझ्या शीटमधून काढून टाकली. त्या जागी एक ओळ घातली आहे: दर तिमाहीचं प्रतिग्राहक उत्पन्न, आणि शेजारी 2010चे 220 रुपये महागाईनं आज किती झाले असते तो आकडा. मामांना तीच ओळ पाठवली. त्यांनी ठरवलेल्या रकमेच्या एक तृतीयांशाचे शेअर घेतले, उरलेल्याचं पुढच्या दरवाढीनंतर बघू म्हणाले.