पेट्याच पेट्या की एकच कागद?

१९५१-५२ ला देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का वगैरे काही मारायचाच नव्हता, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर चिन्ह, आपल्याला पाहिजे त्या पेटीत कागद टाकायचा नि घरी जायचं. सुमारे १७ कोटी मतदार, बहुतेकांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून हा तोडगा. बैलजोडी (तेव्हाचं काँग्रेसचं चिन्ह) तर कोणीही ओळखतो! पण पेट्या किती लागल्या असतील बघा, आपल्या विक्रोळीत गोदरेजने लाखो बनवल्या. शिवाय पेट्या आडोशाला ठेवलेल्या, त्यामुळे कोणी कागद पेटीत न टाकता वरच ठेवून गेला किंवा खिशात घालून बाहेर नेऊन विकला, तरी आत बघणारं कोणी नाही.

१९६२ पासून, २००४ ला लोकसभेसाठी देशभर मतदान यंत्रं येईपर्यंत, दुसरी पद्धत होती, एकाच कागदावर सगळी नावं नि चिन्हं, शिक्का मारायचा, घडी घालायची, सगळ्यांसमोर एकाच पेटीत टाकायचं. पेट्या कमी, चोरी अवघड. पण शिक्का दोन चिन्हांच्या मधोमध पडला की मत बाद, ही नवी डोकेदुखी.

मला विचाराल तर दुसरीच बरी. पण ५२ ला ती आणली असती तर बाद मतांचा ढीग लागला असता राव.