विंडोजवर ईएक्सटी४ डिस्क वाचणं: काही महिन्यांच्या वापरानंतर

लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला आणि आतली लिनक्सची एसएसडी ठणठणीत असली की ती यूएसबी केसमध्ये घालून विंडोजला जोडतात. पण लिनक्स सहसा वापरतं ती ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइल्स मांडायची पद्धत) विंडोजला वाचता येत नाही. मग एक्सप्लोररमध्ये एकतर काहीच दिसत नाही, नाहीतर 'ही डिस्क फॉरमॅट करा' अशी खिडकी येते. तिथे कॅन्सलच दाबायचं. पार्टिशनवर विंडोजच्या डेटा पार्टिशनचा कोड असला की ही खिडकी हमखास येते. जुनी लिनक्स टूल्स लिनक्स पार्टिशनलाही तोच कोड देत असत. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या पार्टिशनचं ड्राइव्ह लेटर काढून टाका, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणाकडून चुकून 'ओके' दाबलं जाणार नाही.

डब्ल्यूएसएल-२ म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय. तिच्यातली माउंट कमांड (डिस्क लिनक्सला जोडून उघडणारी) मी बरेच महिने वापरतोय. फुकट आहे आणि खरा लिनक्स कर्नलच (लिनक्सचा गाभा) डिस्क वाचतो, त्यामुळे फाइल सिस्टिमच्या नव्या फीचर्सची चिंता नाही. अ‍ॅडमिन पॉवरशेलमध्ये फिजिकलड्राइव्हचा नंबर आणि पार्टिशनचा नंबर दिला की डिस्क माउंट होते आणि एक्सप्लोररच्या लिनक्स फोल्डरात दिसते.

पण एक गोष्ट मला अजिबात पटलेली नाही. ही कमांड डिस्क लिहिण्यासाठी उघडते आणि रीड-ओन्ली सांगायची सोय देत नाही. ऑप्शन्स देता येतात, पण फक्त त्या फाइल सिस्टिमचे खास. 'आरओ' (रीड-ओन्ली) हा सर्वसाधारण ऑप्शन त्यात चालत नाही. डेटा वाचवायला जोडलेल्या डिस्कसाठी हे धोक्याचं आहे. मशीन अचानक बंद पडलेलं असेल तर जर्नल (डिस्कवरच्या बदलांची नोंदवही) अर्धवट असतं, आणि माउंट होताच कर्नल ते डिस्कवर पूर्ण करायला घेतो. म्हणजे एकही फाइल कॉपी होण्याआधी मरणाऱ्या डिस्कवर लिहिणं सुरू. नुसत्या 'आरओ'नेही हे थांबत नाही, सोबत 'नोलोड' (जर्नलला हात लावू नको) लागतो.

म्हणून मी दर वेळी लांबचा रस्ता धरतो. माउंट कमांडला 'बेअर' जोडायचं, म्हणजे डिस्क लिनक्सला नुसती जोडली जाते, माउंट होत नाही. मग उबंटूच्या साध्या, अ‍ॅडमिन नसलेल्या टर्मिनलमध्ये 'एलएसबीएलके' (जोडलेल्या डिस्कची यादी) चालवून साइजवरून डिस्क ओळखायची. तिचं नाव बहुतेकदा एसडीडी किंवा एसडीई असतं. त्यानंतर 'सुडो माउंट -ओ आरओ,नोलोड' (सुडो म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने), पुढे पार्टिशन आणि आधी करून ठेवलेलं रिकामं फोल्डर. दोन मिनिटं जास्त जातात, पण डिस्कवर एक बाइटही लिहिला जात नाही. डिस्क खरखरत असेल तर हेही करू नका. आधी डीडीरेस्क्यू या खराब डिस्कची नक्कल घेणाऱ्या टूलने पूर्ण इमेज घ्या.

काढतानाही क्रम पाळा. आधी लिनक्समध्ये अनमाउंट, मग पॉवरशेलमध्ये डब्ल्यूएसएलचं अनमाउंट, मग केबल. टास्कबारवरच्या 'सेफली रिमूव्ह'वर इथे भरवसा ठेवू नका.

कॉपी करताना दोन अडचणी येतात. लिनक्समध्ये फाइलच्या नावात कोलन किंवा प्रश्नचिन्ह चालतं, विंडोजमध्ये नाही. शिवाय विंडोज आणि डब्ल्यूएसएल यांच्यामधून हजारो छोट्या फाइल्स फार रखडत जातात. दोन्हींवर एकच तोडगा: लिनक्सच्या बाजूनेच टार करून (सगळ्या फाइल्स एकात बांधून) एक मोठी फाइल विंडोजच्या ड्राइव्हवर टाका. नावं, परमिशन, लिंक सगळं शाबूत राहतं. होम फोल्डर सहसा लगेच उघडतं, कारण जुन्या आणि नव्या उबंटूत पहिल्या युजरचा आयडी १००० च असतो. रूटच्या (लिनक्सच्या अ‍ॅडमिनच्या) फाइल्सना मात्र सुडो लागतं.

सुरुवातीला वाटलं होतं की डब्ल्यूएसएल असताना दुसरं काही लागणार नाही. ते मत आता बदललंय. पेन ड्राइव्ह आणि एसडी कार्ड ही कमांड घेतच नाही, आणि विंडोज ज्या डिस्कवर आहे तीही नाही, कारण पार्टिशन नाही तर अख्खी डिस्क जोडावी लागते. रास्पबेरी पायचं कार्ड किंवा एकाच डिस्कवरचं ड्युअल बूट (विंडोज आणि लिनक्स दोन्ही) असेल तर हा मार्ग बंद. अशा वेळी सेव्हन-झिप (झिप फाइल्स उघडायचा फुकट प्रोग्राम) कामाला येतं, आणि त्याने मला खरोखर खूश केलं. अ‍ॅडमिन म्हणून उघडा, पत्त्याच्या पट्टीत \\.\ टाइप करा, फिजिकलड्राइव्ह उघडा, आत पार्टिशन, आणि त्याच्या आत थेट ईएक्सटी४ चे फोल्डर. लिहिता येत नाही, आणि मला हवं होतं ते नेमकं हेच. चार फोटो किंवा एखादी कॉन्फिग फाइल काढायची असेल तर आता मी आधी हेच उघडतो.

ईएक्सटी२एफएसडी हा विंडोजसाठीचा जुना ड्रायव्हर अजून लोक सुचवतात. त्याने लिहू नका. २०१६ च्या ई२एफएसप्रॉग्ज (ईएक्सटी४ बनवणारी लिनक्सची टूल्स) १.४३ पासून नव्या ईएक्सटी४ वर ६४-बिट आणि मेटाडेटा चेकसम ही फीचर्स आपोआप चालू असतात, आणि जुन्या ड्रायव्हरच्या हाती अशी डिस्क लिहायला देणं मला मान्य नाही.

ईएक्सटी४ साठी विकतचा ड्रायव्हर एकाच माणसाला परवडतो: ज्याला ड्युअल बूटच्या लिनक्स पार्टिशनवर विंडोजमधून रोज लिहायचंय. त्यालाही मी आधी पैसे वाचवायलाच सांगेन. सामायिक फाइल्ससाठी एक वेगळं एनटीएफएस किंवा एक्सफॅट पार्टिशन करा. एक्सफॅट लिनक्स कर्नलमध्ये ५.४ पासून आहे, एनटीएफएसचा नवा ड्रायव्हर ५.१५ पासून. एनटीएफएस घेतलंत तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद ठेवा; नाहीतर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्स त्या पार्टिशनवर लिहू देत नाही.